आष्टी, पण कुठली? एकाच नावाच्या गावांच्या फोटोंची कामनोंद

११ जानेवारी २०२५

नाव ठरवण्यातच बराच वेळ गेला. कल्पना सोपी होती: एकाच नावाची, एकमेकांशी काही संबंध नसलेली गावं आणि त्या नावाची माणसं यांचे फोटो काढायचे आणि एका भिंतीवर लावायचे. मैत्रीण मांडणी बघणार, मी फोटो काढणार, खर्च निम्मा-निम्मा.

वडगाव आणि पिंपळगाव आधी बाद केली. ती मोजता येणार नाहीत इतकी आहेत, शिवाय प्रत्येकाला शेपूट आहेच: बसवंत, जोगा, राजा, हरेश्वर. कर्जत दोनच, रायगडातलं आणि नगरमधलं. ती गंमत सगळ्यांना पाठ आहे. मालेगाव म्हटलं की नाशिकचंच डोळ्यांपुढे येतं. वाशिमचं, बारामतीजवळचं किंवा नांदेडचं खंडोबाच्या यात्रेचं मालेगाव आधी समजावून सांगत बसावं लागतं. शिरूर, कळंब, कारंजा यांवर वाद झाला. शेवटी आष्टी. बीड आणि वर्धा जिल्ह्यांत या नावाचे तालुके आहेत. मोठी गावं सोलापूरच्या मोहोळ, गडचिरोलीच्या चामोर्शी, जालन्याच्या परतूर आणि नांदेडच्या हदगाव तालुक्यांत आहेत. राज्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेली, पण आवाक्यातली.

कुणी असं काम घेणार असेल तर सांगते: पाचाच्या खाली नको, दहाच्या वर नको. आणि एक गाव फार प्रसिद्ध असेल तर ते नावच सोडून द्या.

१९ जानेवारी

फाइलींची नावं आत्ताच ठरवली. ‘आष्टी-१’, ‘आष्टी-२’ चालणार नाही, दोन महिन्यांनी क्रमांक कुणाचा ते आठवत नाही. जनगणनेच्या यादीत प्रत्येक गावाला वेगळा कोड असतो. म्हणून जिल्हा, तालुका, गावकोड, तारीख असा क्रम धरला. लांबलचक दिसतं, पण गोंधळ होत नाही.

फोनवरच्या नकाशावर विसंबायचं नाही. नुसतं ‘आष्टी’ टाकलं की तो जवळचं किंवा मोठं गाव दाखवतो, आणि रस्ता दाखवताना तर बिनधास्त दुसऱ्याच जिल्ह्यात नेतो. पिन कोडनं शोधलेलं बरं. तिथंही एक मजा दिसली. बीडच्या आष्टीचा पिन ४१४२०३, म्हणजे नगरच्या ४१४ मधला. जिल्हा बीड, टपाल नगरचं. माणसांचं जाणं-येणंही नगरकडेच जास्त, हे तिथं गेल्यावर कळलं.

२ फेब्रुवारी, आष्टी (बीड)

पहिली फेरी. भाडं गेल्याच महिन्यात जवळपास १५ टक्क्यांनी वाढलंय, पण बायकांना एसटीत अर्धं तिकीट असल्यानं मला ते जाणवलं नाही. प्रवासखर्च म्हणजे या कामातला सगळ्यात स्वस्त भाग. मुक्काम आणि जेवण त्याच्या तिप्पट होतं.

ठरवलं होतं की प्रत्येक गावातली तीच ती जागा टिपायची: गावाच्या नावाची पाटी, बसस्थानक, झेडपीची शाळा, मुख्य चौक. दिवसभरात सगळं झालं. संध्याकाळी स्क्रीनवर बघताना जांभई आली. पाटीचा फोटो म्हणजे नुसती पाटी. चौकात शुभेच्छांचे फलक इतके होते की त्यामागे गाव आहे हे समजून घ्यावं लागत होतं.

परतीला न्यू आष्टीहून नगरची डेमू, म्हणजे डिझेलवरची छोटी रेल्वेगाडी, धरली. नगर ते न्यू आष्टी हा ६६ किलोमीटरचा टप्पा २३ सप्टेंबर २०२२ला सुरू झाला. बीड शहराला अजून रेल्वे नाही, आष्टीला आहे. फलाटावर वेळ काढताना सहज दोन-चार फोटो घेतले. कडब्याची पेंढी डोक्यावर घेतलेल्या बाईच्या मागे कोऱ्या करकरीत गाडीचा डबा. दिवसभरातला एकमेव धड फोटो तोच, आणि तो यादीत नव्हता.

२० फेब्रुवारी, आष्टी (मोहोळ, सोलापूर)

तारीख मुद्दाम निवडली. १८१८ मध्ये याच दिवशी इथं बापू गोखले पडले. जनरल स्मिथच्या फौजेनं दुसऱ्या बाजीरावाला इथं गाठलं, बाजीराव निसटला, गोखले घोडदळ घेऊन भिडले. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह याच वेळी इंग्रजांच्या हाती आले आणि पुढे इंग्रजांनीच त्यांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं. पेशवाईच्या शेवटाबद्दल वाचताना ‘गोपाळ आष्टी’ असं नाव भेटतं ते हेच.

आता याचा फोटो कसा काढायचा? उभी ज्वारी, ऊस, मध्ये डांबरी रस्ता. लढाई नेमकी कुठल्या माळावर झाली ते बोट दाखवून सांगणारं कुणी भेटलं नाही. मी दुपारपर्यंत ‘ऐतिहासिक’ वाटेल असं काहीतरी शोधत फिरले. एक पडका चौथरा सापडला, पण तो पन्नास वर्षांमागचा पाणीपुरवठ्याचा निघाला.

मग तलावाकडे गेले. आष्टीचा तलाव ब्रिटिश काळातला, मोठा. पक्षी होते, पण आम्ही एकच ३५ मिमी लेन्स वापरायची असं ठरवलेलं, त्यात पक्षी म्हणजे टिंबं. लेन्सचा नियम मोडायचा मोह झाला, मोडला नाही. त्याऐवजी भराव घेतला, त्यावरून सायकल ढकलत जाणारा पोरगा आणि खाली पाण्याची नुसती रेघ. लढाई मथळ्याच्या ओळीत सांगू. फोटोनं सगळं सांगितलंच पाहिजे असं कुठं आहे?

९ मार्च

पहिली मांडणी. दोन्ही गावांच्या पाट्या, शाळा, चौक शेजारी-शेजारी लावून बघितले. मैत्रीण पाच मिनिटं गप्प बसली आणि म्हणाली, ‘हे एकाच गावाचे फोटो आहेत असं सांगितलं तरी खपेल.’

खरंच खपलं असतं. शाळेचा रंग एक, भिंतीवरचा भारताचा नकाशा एक, बसस्थानकाचा छाप एक. साम्य शोधत गेलो तर सगळी गावं सारखीच दिसणार, कारण सरकारी खर्चानं जे बांधलं जातं ते सगळीकडे सारखंच बांधलं जातं. आणि नावाच्या पाट्यांची रांग म्हणजे विनोद. एकदा हसायचं की संपलं.

नवा नियम: फोटोत नाव दिसता कामा नये. त्या गावात आहे आणि दुसऱ्या आष्टीत नाही अशी एकच गोष्ट घ्यायची. नाव फक्त खालच्या पट्टीवर. त्यामुळे फेब्रुवारीतलं जवळजवळ सगळं काम टाकून द्यावं लागलं. डेमू आणि भराव तेवढे उरले.

२३ मार्च, आष्टी (परतूर) आणि आष्टी (हदगाव)

दोन्ही एकाच फेरीत. परतूरचं आष्टी एका सकाळीत आटोपलं. शिंप्याच्या दुकानात लग्नाच्या पोशाखांचा ढीग पडला होता आणि शिंपी स्वतः त्या ढिगामागे जेवत होता. त्यानं एकच अट घातली: ‘डबा दिसू देऊ नका.’ डबा दिसतोय. प्रिंट त्याला आधी दाखवून विचारायचं ठरवलं. (नंतरची भर: त्यानं फोटो बघून ‘राहू द्या’ म्हटलं.)

हदगावच्या आष्टीत नशिबानं वेळ बरोबर साधली. हळद शिजवायचे दिवस. शेतात लोखंडी कुकर लावलेले, वाफ इतकी की चार हातांवरचा माणूस दिसेना. लेन्सवर बाष्प धरून सगळं दुधट झालं. पुसून काढलेले फोटो स्वच्छ आले पण मेले. बाष्प धरलेल्यातलाच एक ठेवला. इथं एक व्यवहारातली गोष्ट: कॅमेरा गाडीतून थेट वाफेत नेऊ नका, आधी बाहेर गरम होऊ द्या. आणि हळदीचे डाग पट्ट्यावरून जात नाहीत.

१३ एप्रिल

आता माणसं. आष्टीकर शोधायचे.

नात्यागोत्याच्या गटांत निरोप टाकले. पुणे, नागपूर, नांदेड, ठाणे, एक बेंगळुरूत. प्रत्येकाला विचारला एकच प्रश्न: तुमचं आष्टी कोणतं? उत्तरं अशी आली. ‘बीडचं असावं.’ ‘आजोबांना माहीत होतं.’ ‘कुलदैवत तुळजापूरची भवानी, त्यावरून काढा.’ (काढता येत नाही. अर्ध्या महाराष्ट्राची कुलदेवता तीच.) छातीठोकपणे सांगणारे थोडेच, आणि आष्टीत एक रात्र तरी राहिलेला त्यांतला एकही नाही.

सार्वजनिक जीवनातलं आडनाव आठवतं ते हिंगोलीचे खासदार नागेश पाटील आष्टीकर यांचं. त्यांचं आष्टी हदगावचं. म्हणजे गाव आणि आडनाव यांची गाठ अजून सुटलेली नाही असंही एक उदाहरण आहे. पण आम्ही राजकारणातली माणसं घ्यायची नाहीत असं ठरवलं, कारण मग बघणारा नावाकडे बघत नाही, पक्षाकडे बघतो.

संमतीपत्र आधी घ्या. तोंडी ‘हो’ म्हणणाऱ्या दोघांच्या घरून नंतर मुलांचा फोन आला आणि फोटो काढून टाकावे लागले.

२७ एप्रिल, आष्टी (वर्धा)

नागपूरचे एक आष्टीकर काका सोबत यायला तयार झाले. सत्तरी ओलांडलेली, पण उत्साह माझ्यापेक्षा जास्त. आपण वर्ध्याच्या आष्टीचे, असा त्यांच्या घरात समज. कागदपत्र काही नाही, नागपूरहून जवळचं तेच म्हणून. माझा बेत साधा होता: आष्टीकर आष्टीत, एवढी एक तरी चौकट हवी.

अमरावती रस्त्यानं तळेगावला वळायचं. हे तळेगाव श्यामजीपंत. दाभाडे, ढमढेरे, दशासर ही वेगळी. त्यांचा प्रकल्प कुणीतरी दुसऱ्यानं करावा.

आष्टीत मुघल काळातले मकबरे आहेत, जहागीरदार मुहंमद खान नियाझीचा त्यांतला मुख्य. दगडी काम सुंदर. उन्हात दगड पांढरा पडत होता म्हणून सकाळीच उरकलं. काकांना कमानीपुढे उभं केलं तर ते शाळेच्या ग्रुप फोटोसारखे हात मागे घेऊन ताठ. सावलीत बसवलं तरी तेच. माणूस आणि जागा यांच्यात काही घडेचना.

मग चहाला थांबलो. हॉटेलवाल्याला काकांनी अभिमानानं आडनाव सांगितलं. तो म्हणाला, ‘आष्टीकर? या आडनावाचं इथं कोणीच नाही जी. इथल्या माणसाले आष्टीकर कोन म्हणते?’

काम तिथंच उलटं झालं. गावात राहणाऱ्याला गावाचं नाव आडनाव म्हणून कशाला लागेल? गाव सोडून दुसरीकडे जाऊन राहिलेल्यालाच ते चिकटतं. म्हणजे आष्टीकर आष्टीत सापडावा ही माझी अपेक्षाच आडनावाच्या विरुद्ध होती. काका गाडीत बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘मग माझं आष्टी कोणतं धरायचं?’

‘काका, तुम्ही म्हणाल ते.’

‘वर्ध्याचंच धरा. चहा चांगला मिळाला.’

दुसऱ्या दिवशी नागपुरात त्यांच्या घरीच फोटो काढला. बनियन, कूलर, हातात पेपर. पाच मिनिटांत झाला. यापुढे आष्टीकरांचे फोटो ते राहतात तिथंच, आणि गावांच्या फोटोंत एकही आष्टीकर नाही. दोन वेगळ्या भिंती.

४ मे

वर्ध्याच्या फोटोवरून वाद. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीच्या दिवशी आष्टीत लोक पोलीस ठाण्यावर चालून गेले. गोळीबार झाला, माणसं गेली. चिमूर-आष्टी अशा जोडनावानंच ही घटना ओळखली जाते, तुकडोजी महाराजांना अटक झाली तीही याच प्रकरणात. गावाला ‘शहीद’ म्हणून ओळख आहे. मैत्रीण म्हणते स्मारकच हवं. माझं म्हणणं, हुतात्मा स्मारकाचा फोटो राज्यात कुठंही काढला तरी तसाच येतो आणि आमचा नियम नेमका त्याच्याविरुद्ध आहे. मकबरा ठेवला. ती नाखूश आहे.

१३ जुलै, आष्टी (चामोर्शी, गडचिरोली)

सगळ्यात जास्त वेळ इथं गेला. पाऊस असा लागला की गोंडपिपरीकडचा रस्ता पाण्याखाली गेला, वैनगंगा फुगली आणि मी चंद्रपुरात लॉजवर कपडे वाळवत बसले. लॉज, जेवण आणि वाया गेलेली सुट्टी मिळून या एका गावाचा खर्च बाकी पाचांच्या बेरजेला टेकला. जूनच्या पहिल्या आठवड्यात जायला हवं होतं, पण मग रोवणी, म्हणजे भाताची लावणी, मिळाली नसती.

पाणी उतरल्यावर पूल ओलांडला. भाताच्या बांधीत बायका रोवणीला उभ्या, पाठीवर पावसासाठी प्लास्टिकचे मोरे. मागे नदी, गढूळ, झाडांच्या बुंध्यांपर्यंत चढलेली. एकीनं विचारलं कुठून आलात, मी म्हटलं, आधी दुसऱ्या आष्ट्या केल्या, आता ही. ती म्हणाली, ‘दुसरी पण आहे?’ आणि पुन्हा वाकली.

रात्री नकाशा बघताना लक्षात आलं की इथून थोडं खाली, चपराळ्याजवळ, वर्धा नदी वैनगंगेला मिळते. वर्ध्याचा आष्टी तालुका त्याच वर्धा नदीच्या काठचा. हदगावकडचं पाणी पैनगंगेतून आधी वर्धेलाच मिळतं. म्हणजे आम्ही ज्यांना ‘असंबंधित’ म्हणत होतो त्यांतल्या तीन गावांचं पाणी चपराळ्यानंतर एकत्र, प्राणहितेतून गोदावरीत. परतूरचं दुधनेतून, तेही शेवटी गोदावरीच. उरली बीड आणि मोहोळ. बीडच्या आष्टीचं पाणी सीनेत जातं आणि सीना मोहोळ तालुक्यातून वाहत भीमेला मिळते.

१७ ऑगस्ट

मैत्रीण या नद्यांवर इतकी खूश झाली की मांडणीच त्यावर करायची म्हणाली: एक भिंत गोदावरी, एक भीमा. मी अडून बसले. बघणारा मग नदीचं प्रदर्शन समजून बघेल. शिवाय राज्यातली कुठलीही सहा गावं उचला, ती कुठल्या ना कुठल्या नदीत जातातच. तडजोड म्हणून दाराशी हातानं काढलेला छोटा नकाशा, बस.

याच आठवड्यात प्रिंट काढायला दिले. १२ बाय १८, मॅट. स्टुडिओवाल्यानं फाइली उतरवून घेताना आमची लांब नावं ‘सोपी’ केली, सगळ्यांना आष्टी. एकानं दुसऱ्याला खोडलं आणि हातात पडले सगळे कुकरचेच प्रिंट. पैसे अर्धे परत मिळाले, पण आठवडा गेला. आता पेन ड्राइव्हवर प्रत्येक फाइलचा वेगळा फोल्डर आणि सोबत छापील यादी.

फ्रेमचा खर्च प्रिंटच्या चौपट. काचेशिवाय फोमबोर्डावर चिकटवले.

२० सप्टेंबर

बीडच्या पट्टीवर लिहिलं होतं: ‘बीड शहराला अजून रेल्वे नाही, आष्टीला आहे.’ १७ सप्टेंबरला बीडहून गाडी सुटली. पट्टी बदलली. पट्ट्यांवर ‘अजून’, ‘सध्या’ असे शब्द नकोत, हे कुणीतरी आम्हाला आधी सांगायला हवं होतं.

१२ ऑक्टोबर

प्रदर्शन एका सोसायटीच्या सभागृहात, दोन दिवस. भाडं नाममात्र, दिवे वाईट. ट्यूबलाइटखाली हळदीची वाफ हिरवट दिसत होती. घरचे टेबललॅम्प आणून लावले.

लोक आधी फोटो बघत, मग वाकून पट्टी, मग परत फोटो. तेच हवं होतं. आष्टीकरांच्या भिंतीपुढे गर्दी जास्त. दोन आष्टीकर कुटुंबं तिथंच पहिल्यांदा भेटली आणि गोत्र विचारून झाल्यावर त्यांचं काहीच जुळेना. तरी त्यांनी एकत्र फोटो काढायला लावला. तो भिंतीवर लावणार नाही, त्यांना पाठवला.

आर्वीकडच्या एका गृहस्थांनी मात्र सरळ सुनावलं: ‘आष्टी दाखवता आणि बेचाळीस नाही?’ मैत्रिणीनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, इतकी ती सभ्य आहे. पुढच्या वेळी मकबऱ्याशेजारी बेचाळीसची चौकट येईल. स्मारकाचा फोटो अजूनही मला नको आहे. त्या ठाण्याच्या रस्त्यावर नागपंचमीच्या सकाळी उभं राहून बघायचं ठरलंय.

९ नोव्हेंबर

लोक अजून सुचवतायत. सांगलीचं आष्टा घ्या, मध्य प्रदेशातलं आष्टा घ्या. नाही. एका कान्याची सूट दिली की मग अंत नाही.

ज्यांचे फोटो घेतले त्यांना एकेक प्रिंट टपालानं पाठवला. पत्त्यात जिल्हा मोठ्या अक्षरांत आणि पिन वेगळ्या रंगात लिहिला, तरी परतूरचं पाकीट आधी बीडला जाऊन आलं. शिंप्याचा फोन आला, मिळालं म्हणून. डेमूच्या फलाटावरच्या बाईंचा पत्ता नव्हता, त्यांचा प्रिंट न्यू आष्टीच्या फलाटावरच्या चहावाल्याकडे ठेवलाय, तो ओळखतो म्हणाला. गडचिरोलीच्या तिघींचे आशाताईंमार्फत पोचले. हदगावचं पार्सल तेवढं परत आलेलं नाही, म्हणजे मिळालं असावं.